शंभर-सव्वाशे सीसीची जुनी गाडी: कागद आधी, चासी नंतर, इंजिन सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा. उचगावहून रोज बेळगावच्या उद्यमबागेत कामाला जायचं, येऊन-जाऊन पस्तीस-चाळीस किलोमीटर. अधूनमधून मागं बायको-पोर, कधी बाजाराचं पोतं. बजेट पन्नास हजार. दोन जुन्या गाड्या बघितल्यात. एक शिनोळीतली 2018 ची कार्बोरेटरवाली स्प्लेंडर, एमएच-09 पासिंग, मालक अडतीस हजार म्हणतो. दुसरी बेळगावातल्याच शहापुरातली 2021 ची शाइन, केए-22, बावन्न हजार. कुठली घ्यावी, आणि घेण्याआधी नेमकं काय बघावं?

बहुतेक लोक गाडीजवळ गेले की पहिली किक मारतात, दोनदा रेस देतात, आवाज ऐकतात आणि मान हलवतात. हा क्रम उलटा करा. आधी कागद, मग चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, इंजिन शेवटी. कारण साधं आहे. आपल्याकडं या वर्गातल्या गाडीचं इंजिन ही सगळ्यात सहज दुरुस्त होणारी गोष्ट आहे. उद्यमबागेत मशीन शॉपना तोटा नाही, बोअर मारून मिळतो, क्रँकची कनेक्टिंग रॉड बदलून मिळते, आणि स्प्लेंडर-शाइनचे पार्ट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात. हाफ इंजिन म्हणजे बोअर, पिस्टन, रिंगा आणि हेडचं काम. मेस्त्री ते दोन दिवसांत करून देतो आणि खर्च आधी सांगतो. वाकलेली चासी मात्र पुन्हा कंपनीसारखी सरळ होत नाही. आणि ज्याच्या नावावर गाडी आहे तो माणूसच सापडत नसेल, तर ती गाडी कागदोपत्री कधीच तुमची होत नाही.

कागदांपासूनच सुरुवात करू, कारण सीमाभागात खरी फसगत इथंच होते. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथं ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे इथला नवीन नंबर घ्यावा लागतो. शिनोळी उचगावच्या शेजारी असली तरी कायद्याला ती महाराष्ट्रातच आहे. म्हणजे कोल्हापूरच्या आरटीओचा ना-हरकत दाखला हवा, तो फॉर्म 28 वर मिळतो आणि त्यावर जिथं नोंद करायची त्या, म्हणजे तुमच्या बाबतीत बेळगावच्या, कार्यालयाचं नाव असतं. दाखला निघायला गाडीवर कर्ज नको, चलन थकलेलं नको, चोरीची नोंद नको. मग इथं फॉर्म 29 आणि 30 नावबदलाचे, फॉर्म 27 नव्या नंबरचा, आणि वर कर्नाटकचा आजीवन कर. हा कर गाडीची मूळ किंमत आणि वय बघून ठरतो. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, पण तो पैसा हातात पडेपर्यंत हिशेबात धरू नका. भाव ठरवण्याआधी तुमच्या आरटीओत जाऊन, गाडीचं आरसी दाखवून, कर नेमका किती बसेल ते विचारून या. अडतीस हजाराची गाडी शेवटी कितीला पडते ते तिथं कळतं.

‘कशाला एवढं, शंभराच्या बाँडवर लिहून देतो’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेलच. निपाणी-कागल, संकेश्वर-गडहिंग्लज, उचगाव-शिनोळी, या पट्ट्यात अशा बाँडवरच्या गाड्या वर्षानुवर्षं फिरतात. त्या बाँडनं मालकी बदलत नाही. विकणाऱ्यालाही हे सांगा: अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यात आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केलंय. गाडी विकून मोकळा झालो असं समजणाऱ्या माणसाच्या घरी नोटीस जाऊ शकते. हे कळलं की सही द्यायला टाळाटाळ करणारे बरेच जण सरळ होतात. जे तरीही होत नाहीत, त्यांची गाडी सोडून द्या.

मुदती लक्षात ठेवा. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. राज्याबाहेर विकली तर विकणाऱ्याला पंचेचाळीस दिवस मिळतात. विमाही तुमच्या नावावर करून घ्यायचा, त्याची मुदत चौदा दिवसांची. शहापुरातल्या शाइनला यातला निम्मा ताप नाही. पासिंग इथलंच, नुसता नावबदल.

व्यवहार ठरवण्याआधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघा. नोंदणी कधीपर्यंत आहे, विमा, धूरतपासणी, कर्जाची नोंद, हे सगळं समोर येतं. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. तुमच्या दोन्ही गाड्यांना त्याची चिंता नाही, पण ‘एकदम कंडिशनमध्ये’ म्हणून कुणी 2011-12 ची गाडी दाखवली तर हा खर्च दारातच उभा असतो. कर्जावरची गाडी असेल तर कर्ज फिटलं एवढं ऐकून भागत नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देऊन आरसीवरून ती नोंद उतरलेली हवी. आणि आरसी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म 31 भरून करून घ्यायला सांगा. हे प्रकरण खेड्यांत फार आढळतं, आणि त्यात तीन भावांतल्या एकाची सही नेहमी मुंबईला असते.

कागद जुळले की चासी नंबर. बहुतेक गाड्यांत तो हँडलच्या मानेवर उजव्या बाजूला असतो, इंजिन नंबर डाव्या बाजूला खाली क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या खोक्यावर. पेट्रोलच्या फडक्यानं पुसा, पातळ कागद लावून पेन्सिल घासा, चासी नंबरची सतरा अक्षरं-आकडे ठशात उमटतील. आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा. अक्षरांमधलं अंतर कमीजास्त, आजूबाजूला घासल्याच्या रेघा, किंवा सगळी चासी मळकट आणि नेमक्या त्या वीतभर जागेवर ताजा काळा रंग, यातलं काहीही दिसलं तर पुढं बोलायचं कारण नाही.

आता चासी. गाडी मेन स्टँडवर सपाट जागेवर लावा आणि मागं दहा पावलं जाऊन उकिडवे बसा. मागच्या चाकाच्या रेषेत पुढचं चाक दिसलं पाहिजे. शंका आली तर सुतळी घ्या. मागच्या टायरला मागून वेढा देऊन दोन्ही टोकं दोन बाजूंनी पुढं न्या, स्टँडला लागणार नाही अशा उंचीवर, आणि मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुकती टेकेल एवढी ताणा. पुढचं चाक सरळ असताना दोन्ही बाजूंना सुतळी आणि पुढचा टायर यांच्यातलं अंतर सारखं यायला हवं. त्याआधी एक गोष्ट बघायची: चेन ताणायच्या दोन्ही ॲडजस्टरच्या खुणा सारख्या घरात आहेत ना. त्या पुढं-मागं असतील तर चांगली गाडीही तिरकी दिसते, आणि तो दोष पाच मिनिटांत निघतो.

मग हँडल पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं वळवा. मानेखाली हँडलला अडवणारे छोटे लोखंडी ठोकळे असतात. समोरून जोरात धडकलेल्या गाडीत ते चेपलेले, नाहीतर पुन्हा वेल्डिंग करून बसवलेले असतात. दोन्ही टोकांना हँडल आणि टाकी यांच्यातली फट सारखी आहे का बघा. एका बाजूला हँडल टाकीला टेकत असेल तर चिमटीत सापडल्यासारखी खूण तिथं टाकीवर असतेच. टाकीच्या खाली बोट घालून मानेपासून इंजिनकडं उतरणाऱ्या पाइपवरून फिरवा. पत्र्याला बारीक सुरकुती हाताला लागते, डोळ्याला दिसत नाही. रंगाचे पापुद्रे, कंपनीपेक्षा जाड वेल्डिंग, हेही हातालाच आधी कळतं. फूटरेस्टची टोकं घासलेली असणं किरकोळ, कधीतरी गाडी आडवी झाली असेल. फूटरेस्टचा मूळ दांडाच मागं वाकलेला असणं किरकोळ नाही.

पुढचं चाक जमिनीवरून उचला, कुणालातरी मागं दाबून धरायला सांगा, आणि हँडल अगदी हळू एका बोटानं फिरवा. मधोमध खटकन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंग, गेला. हे काम स्वस्त आहे, पण भावात धरा. पुढचे शॉकअप धरून मागं-पुढं हलवा, खटखट नको. रॉडवर तेलाचं वर्तुळ असेल तर सील गेलेलं. रॉडवरच गंजाचे खड्डे असतील तर नवीन सीलही टिकणार नाही. मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून बघा. कडेला खेळ आला तर एकतर चाकाचं बेअरिंग नाहीतर चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे, बुश. चिमटा धरून हलवलं की दोन्हींतला फरक लगेच कळतो.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी मुद्दाम शोधायच्या असतात.

पहिली, ओझं वाहिलेली गाडी. दुधाचे कॅन, वैरणीचे भारे, ऊस-तंबाखूच्या हंगामात काय वाटेल ते. सीट काढा आणि मागच्या शॉकअपचे वरचे बोल्ट जिथं बसतात तिथला पत्रा दोन्ही बाजूंनी बघा. चीर तिथून सुरू होते. कॅनचा स्टँड काढला असला तरी मागच्या पाइपवर त्याच्या पट्ट्यांची घासलेली जागा राहते. सांडलेल्या दुधानं आणि धुतलेल्या पाण्यानं मागच्या मडगार्डच्या आतली बाजू, नंबर प्लेटची पट्टी आणि चिमटा ठरावीक पद्धतीनं गंजतो: वर रंग धड आणि खालून पापुद्रे. अशा गाडीत मागच्या चाकाच्या तारा एकेक करून स्क्रू ड्रायव्हरनं वाजवा. टणक आवाजांमधे एखादी बद्द वाजली की ती सैल. दारोदार थांबत गेलेली असल्यानं तिचं किलोमीटर कमी दिसतं, पण क्लच आणि पहिला गिअर भरपूर वापरलेला असतो.

दुसरी, पुरात बुडालेली गाडी. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरांत कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा या नद्यांच्या काठची गावं पाण्यात होती; चिकोडी, अथणी, गोकाक, निपाणी इकडं, कोल्हापूर-सांगली तिकडं. बुडालेल्या गाड्या धुऊन, सीट बदलून बाजारात आल्या, आणि त्या नदीकाठी विकल्या जात नाहीत, लांब विकल्या जातात. धुतलेली गाडी बाहेरून फसवते. हेडलाइटचा गोळा काढा आणि मागच्या वायरींच्या गठ्ठ्यात बघा. गाळ तिथं पिठासारखा बारीक बसलेला राहतो. जोड सोडवून बघा, तांब्याच्या पिना हिरव्या पडल्यात का. मीटरच्या काचेच्या आतून धुकं, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाला मातीची रेघ, सीटखाली फ्यूजच्या डब्यात तपकिरी थर. कार्बोरेटरवाली गाडी बुडाली असेल आणि तेल लगेच बदललं असेल तर ती एक वेळ चालेल. इंजेक्शनवाल्या गाडीचा ईसीयू, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा छोटा संगणक, आणि वायरिंग बुडालं असेल तर फुकट दिली तरी नको. खानापूर-जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या गाड्या पुरात नसल्या तरी पावसात भिजत राहिलेल्या असतात. तिथं टाकीच्या आत टॉर्च मारून गंज बघा, आणि केबली अडकतात का ते बघा.

हे सगळं पार पडलं तरच इंजिन. मालकाला आदल्या दिवशी सांगा, सकाळी लवकर येतो, गाडी चालू करून ठेवू नका. गेल्याबरोबर सिलिंडरच्या पात्यांना हात लावा. गरम असेल तर चहा प्या, तासाभरानं परत बघा, नाहीतर दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन खरं बोलतं. गरम करून ठेवलेल्या गाडीत सुरू न होण्याची खोड, पहिला निळा धूर आणि पिस्टनचा थंडीतला आवाज, तिन्ही लपतात.

चालू करण्याआधी तेलाची काडी काढा, पुसा, आणि स्प्लेंडरसारख्या गाड्यांत आटे न फिरवता नुसती टेकवून परत काढा. पातळी दोन रेघांमधे हवी. काळं तेल वाईट नाही, वापरलं की काळं होतंच. दुधाळ चहासारखं असेल तर पाणी शिरलंय. पेट्रोलचा वास येत असेल तर कार्बोरेटर ओतू जातो. आणि नवंकोरं, फार दाट तेल असेल तर कान टवकारा, कारण बोअरचा आणि क्रँकचा आवाज दाबायला दाट तेल ही जुनी युक्ती आहे.

आता हातानं किक हळू दाबा. एका ठिकाणी ठाम अडथळा यायला हवा आणि तो हळूहळू सुटायला हवा. लोण्यात गेल्यासारखी किक गेली तर दाब कमी. गॅरेजमधे दाब मोजायचं मीटर असेल तर मोजून घ्या, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजा. दाब वाढला तर दोष रिंगांचा. तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. प्लग काढलाच आहे तर टोक बघा. फिकट तपकिरी उत्तम, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा फिल्टर तुंबलाय, ओलसर तेलकट म्हणजे ऑईल वर येतंय.

चालू केल्यावर एकजण मागं उभा राहून धूर बघू दे. सकाळी थोडी पांढरी वाफ निघून थांबते, त्यात काही नाही. सुरू करताना एकदाच निळा झोत येऊन थांबला तर व्हॉल्व्हचं सील, म्हणजे छोटं काम. रेस देत राहिल्यावर निळा धूर वाढतच गेला तर रिंगा आणि बोअर. काळा धूर म्हणजे बहुतेक वेळा फिल्टर किंवा चोक.

आवाजांबद्दल लोक फार घाबरतात, आणि चुकीच्या आवाजाला घाबरतात. वरून येणारा बारीक टिकटिक टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा, असतो आणि तो थोडा असलेलाच बरा. अगदी गप्प टॅपेट म्हणजे कुणीतरी नको एवढे आवळलेत, आणि त्यानं एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. डाव्या बाजूनं साखळी घासल्यासारखी खरखर टायमिंग चेनची. थंड असताना काही सेकंद येऊन थांबली तर चालेल, गरम झाल्यावरही राहिली तर चेन आणि टेन्शनर बदलायचे. क्लचची मूठ दाबली की जो आवाज थांबतो तो क्लचच्या बाजूचा, तो पुष्कळ दिवस चालतो. थंडीत येणारा आणि पाच मिनिटांत जाणारा ठकठक पिस्टनचा, म्हणजे बोअर सैल व्हायला लागलाय. खरी भीती दोनच आवाजांची. वेगाबरोबर वाढत जाणारी खालून येणारी घुमी घूंऽऽ, म्हणजे क्रँकची बेअरिंग. आणि चढाला, ओझ्यावर रेस दिली की येणारा जड ठोका, म्हणजे कनेक्टिंग रॉड. हे दोन्ही आले की क्रँककेस फोडावी लागते, फुल इंजिनचं काम. तेवढे पैसे भावातून वजा होत असतील तरच पुढं बोला.

इंजिन गरम झाल्यावर चालू इंजिनात तेलाची काडी थोडी सैल करून बघा. हलकी वाफ चालते. फसफस करत धूर बाहेर फेकला जात असेल तर रिंगा सुटल्यात. चेहरा जवळ नेऊ नका, गरम तेल उडतं.

चालवून बघताना एकट्यानं गल्लीतून चक्कर मारू नका. मागं एक माणूस बसवा आणि चढ शोधा. तिसऱ्या-चौथ्या गिअरला तीसच्या वेगात रेस एकदम उघडा. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी त्या मानानं पुढं गेली नाही तर क्लच प्लेटा घसरतायत. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला जोर देऊन मग रेस एकदम सोडा, पुन्हा द्या. गिअर आपोआप निसटून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्सच्या चाकांचे दात गोल झालेत, आणि त्यालाही क्रँककेस फोडावी लागते. पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळे लावून बघा. एप्रिल 2019 नंतर बनलेल्या सव्वाशे सीसीपर्यंतच्या गाड्यांत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. शाइनमधे ते होतंय का बघा. केबल काढून टाकलेली असते कधीकधी. परत आल्यावर गाडी दहा मिनिटं बंद ठेवा आणि गरम असतानाच पुन्हा चालू करा. थंडीत पहिल्या किकला लागणारी गाडी इथं हात टेकते, असं पुष्कळदा होतं.

वीज आणि इंजेक्शन. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या, गाड्यांत कार्बोरेटर गेला आणि या वर्गात जवळपास सगळीकडं इंजेक्शन आलं. किल्ली लावली की पंपाचा एक-दोन सेकंद बारीक गूंऽ आवाज यायला हवा आणि मीटरवरचा इंजिनचा पिवळा दिवा लागून, इंजिन चालू झाल्यावर विझायला हवा. दिवा लागलाच नाही तर बल्ब किंवा वायर मुद्दाम काढलेली असू शकते, हे लक्षात घ्या. शक्य असेल तर सर्व्हिस सेंटरमधे नेऊन स्कॅनर लावा. बॅटरीला मल्टिमीटर लावून बघा: रात्रभर उभ्या गाडीत 12.4 ते 12.7 व्होल्ट, आणि मध्यम रेसवर 13.5 ते 14.5. रेसवर 13 च्या खालीच राहत असेल तर चार्जिंगचा दोष, बॅटरी बदलून उपयोग नाही. इंजेक्शनच्या गाडीला मरतुकडी बॅटरी चालत नाही. तिला बाटलीतलं पेट्रोलही चालत नाही. गावातल्या दुकानातल्या बाटलीत काय काय मिसळलेलं असतं ते पंप आणि इंजेक्टर सांगतात. उचगावहून रोज शहरात येणाऱ्याला पेट्रोल पंप वाटेतच असल्यानं तुम्हाला ही अडचण नाही. आडबाजूला राहणाऱ्यानं हा विचार करावा.

मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नका. केबल काढून ठेवलेली गाडी सापडणं अवघड नाही. त्यापेक्षा गिअरचं रबर, फूटरेस्टचं रबर, किल्लीचं भोक आणि गुडघे घासतात तिथला टाकीचा रंग बघा. टायरच्या बाजूला चार आकडे एका लांबट चौकटीत असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. 2018 च्या गाडीचे टायर मूळचेच असतील आणि मीटर साठ हजार म्हणत असेल तर दोन्हींतलं एक खोटं. नक्षी 0.8 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर टायर कायद्यानंच बाद, पण जुना टायर नक्षी असूनही कडक होतो आणि ओल्या रस्त्यावर घसरतो. मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चाकावर, चेन मधोमध धरून मागं ओढा. दाताचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा पडला तर चेन किट बदलायचं, एकटी चेन कधीच नाही.

टायर जोडी, चेन किट, बॅटरी, ब्रेक लायनर, कोनसेट असं सगळंच एकदम बदलायची वेळ आली तर सहा ते आठ हजार सहज जातात. म्हणून बघताना कागदावर लिहीत जा आणि भाव करताना तो कागद समोर ठेवा. ‘गाडी जुनी आहे हो, कमी करा’ याला कुणी दाद देत नाही. ‘चेन किट आणि मागचा टायर’ याला देतात.

आता तुमच्या दोन गाड्या. दोन्हींची चासी सरळ आणि कागद साफ निघाले असं धरलं तर शहापुरातली शाइन घ्या, पण बावन्नला नाही. तुमचं बजेट पन्नास आहे आणि त्यातले पाच हजार पहिल्या सर्व्हिसला आणि नावबदलाला राखून ठेवायचे आहेत, म्हणजे तिचा भाव पंचेचाळीसच्या पुढं गेला की ती तुमची गाडी नाही. 2021 मधे नवी घेतलेल्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा आलेला असतो. तो कधी संपतो ते पॉलिसीवर बघा, संपला असेल तर तोही भावात धरा. शिनोळीची स्प्लेंडर वाईट नाही. चार गिअरची ही 97.2 सीसीची गाडी कुठल्याही झाडाखाली दुरुस्त होते. पण ना-हरकत दाखला, इथला कर, नवी नंबर प्लेट हे धरल्यावर तिचा अडतीस हजारांचा स्वस्तपणा उरत नाही. तिचा मालक दाखला स्वतः काढून देत असेल आणि तीसच्या आसपास येत असेल तर विचार करा, नाहीतर तिसरी गाडी बघा. सणांच्या आधी भाव चढतात, आणि पावसाळ्यात विकणाऱ्याला घाई असते.

पैसे देताना इसार थोडाच द्या आणि त्याची पावती घ्या. फॉर्म 29, 30 वर सह्या, मूळ आरसी, विमा, दोन्ही किल्ल्या आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत हातात आल्यावरच बाकीचे. ज्या तारखेला, ज्या वेळेला ताबा घेतला ती वेळ पावतीवर लिहा, कारण आधीचं एखादं चलन तुमच्या नावावर यायला नको.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी तेल बदला, मॅन्युअलमधे लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. या गाड्यांना साधारण 800 मिली ते एक लिटर लागतं. एअर फिल्टर, प्लग बदला, दोन्ही ब्रेकचे ड्रम उघडून साफ करा, चेनचा खेळ वीस ते तीस मिलिमीटर ठेवा, क्लच आणि रेसच्या केबलमधे तेल सोडा. मग पाचशे किलोमीटर झाल्यावर तेलाची काडी बघा, तिथून पुढं हजारपर्यंत दर आठवड्याला. पातळी वरच्या रेघेवरून खालच्या रेघेपर्यंत हजाराच्या आतच उतरली तर बोअरचं काम फार लांब नाही, आणि ते दिवाळीच्या गर्दीत नाही, आधीच उरकून घ्या.